रॅकेटची तार आणि खेळाडूचा हात

टेनिस खेळणाऱ्यांच्या बोलण्यात रॅकेटची फ्रेम, तिचे वजन, तिची बनावट आणि तिची किंमत यांना जे स्थान असते, त्याच्या अंशभरही स्थान तिच्यात विणलेल्या तारांना मिळत नाही. वस्तुतः चेंडू नीट बसला तर त्याचा स्पर्श फक्त तारांनाच होतो, आणि तोही सेकंदाच्या जेमतेम दोनशेव्या हिश्श्याइतका काळ. एवढ्या अल्प काळात तार मागे दबते, चेंडू चपटा होतो, दोघेही आपापल्या मूळ आकाराकडे परततात आणि चेंडू कोणत्या कोनात, किती वेगाने व किती फिरत निघणार हे ठरून जाते. रॅकेटमध्ये तार भरण्याच्या कामाला, म्हणजे आपल्याकडील क्लबांत आणि क्रीडासाहित्याच्या दुकानांत ज्याला गटिंग म्हणतात त्या कामाला, ज्याने आयुष्यातील बरीच वर्षे दिली आहेत, त्याच्या समजुती पुस्तकांतून कमी आणि मशीनवर चढलेल्या रॅकेटांतून अधिक घडलेल्या असतात. त्यांपैकी सर्वांत पक्की समजूत अशी की तार आणि ताण यांची निवड खेळाडूच्या हातापासून आणि त्याने वापरलेल्या जुन्या तारेपासून सुरू व्हावी, कोणा विजेत्याच्या आकड्यापासून नव्हे.

या कामात नवा असलेला कारागीर रॅकेट हातात येताच किती पाउंड, एवढेच विचारतो आणि कात्री उचलतो. मुरलेला कारागीर प्रथम जुनी तार न्याहाळतो, कारण कापून टाकल्यावर तिच्यातली माहिती परत मिळत नाही. मुठीकडून टोकाकडे जाणाऱ्या उभ्या तारांपैकी एखादी तार मध्यभागी तुटलेली असेल आणि शेजारच्या तारांवर आडव्या तारांच्या छेदस्थानी खोल खाचा पडलेल्या असतील, तर तो खेळाडू चेंडूला खालून वर घासत टॉपस्पिन मारणारा आहे, हे त्याने न सांगताच कळते. प्रत्येक फटक्यात उभ्या तारा बाजूला सरकतात, आडव्या तारांवर घासतात आणि त्या घर्षणाने झिजत जाऊन एक दिवस तुटतात. याउलट तार फ्रेमच्या कडेजवळ, विशेषतः टोकाकडे तुटलेली असेल, तर चेंडू वारंवार कडेला लागत असावा किंवा ग्रॉमेट, म्हणजे फ्रेमच्या छिद्रांत बसवलेली आणि तारेला कार्बनच्या धारेपासून वाचवणारी प्लास्टिकची नळी, फुटलेली असावी. दर थोड्या दिवसांनी तार तुटते म्हणून अधिकाधिक जाड तार मागणारा एक महाविद्यालयीन खेळाडू या प्रकारचे नमुनेदार उदाहरण ठरतो: त्याच्या सगळ्या तारा टोकाच्या एकाच छिद्रापाशी तुटत होत्या, ग्रॉमेटची पट्टी बदलल्यावर ते थांबले, आणि जाड तारेमुळे हरवलेला स्पर्शही त्याला परत मिळाला. तिसरा प्रकार मात्र सर्वांत दुर्लक्षित राहतो. कार्यालय सांभाळून शनिवार-रविवारी दुहेरी खेळणारा गृहस्थ पकड बदलायला म्हणून रॅकेट आणतो, तार शाबूत असते, आणि ती दोन-दोन वर्षे तुटली नाही याचे त्याला समाधान वाटत असते. परंतु बोटाने सरकवलेली तार जागेवर परत येत नाही, तिच्यावरची चकाकी गेलेली असते, आणि अलीकडे सर्व्हिसमध्ये जोर राहिला नाही अशी त्याची तक्रार असते. तार तुटणे आणि तार संपणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि हौशी खेळाडूच्या बाबतीत दुसरी घटना पहिलीच्या कितीतरी आधी घडून जाते.

तार तुटल्यावर उरलेल्या तारा लगेच कापून टाकाव्यात, आणि त्याही मध्यापासून बाहेरच्या दिशेने, उभ्या-आडव्या आलटून पालटून, हे येथेच नमूद करणे आवश्यक आहे. सोळा उभ्या आणि एकोणीस आडव्या अशा प्रचलित विणीत प्रत्येक तार 55 पाउंडांवर ओढली, तर साऱ्या तारांची मिळून ओढ 1900 पाउंडांहून, म्हणजे साडेआठशे किलोंहून अधिक होते, आणि ही ओढ एका बाजूने सैल होऊन दुसऱ्या बाजूने तशीच राहिली तर फ्रेमचा आकार बिघडू शकतो. तुटलेल्या तारेची रॅकेट आठवडाभर पिशवीत ठेवून मग दुकानात आणणारे खेळाडू पुष्कळ असतात, आणि त्यांना ही गोष्ट एकदा नीट समजावून सांगितली की ते पुन्हा तसे करीत नाहीत, असा अनुभव आहे.

आकड्याविषयीचा गैरसमज याहून खोल आहे. मशीनवर 55 पाउंड लावले म्हणजे रॅकेटमध्ये 55 पाउंड ताण राहिला, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तार चिमट्यातून सुटून गाठीपर्यंत पोहोचेतोच थोडी ढिली होते, विणताना आडव्या तारांचे घर्षण तिची काही ओढ खाते, आणि पहिल्या चोवीस तासांत, एकही चेंडू न मारता, ती आणखी उतरते. मैफलीपूर्वी जुळवलेला तानपुरा गाणे चालू असताना उतरावा तसेच हे घडते, फरक एवढाच की रॅकेट खेळता खेळता पुन्हा जुळवता येत नाही. त्यातही मशीनमशीनमध्ये अंतर असते. हाताने फिरवायच्या मशीनवर ठरलेला ताण आला की खटका बसतो आणि ओढ तेथेच थांबते, त्यामुळे तार ताणून लांबत गेली की प्रत्यक्ष ताण घटतो. विजेवर चालणारे मशीन मात्र तार लांबली तरी ठरलेली ओढ कायम ठेवते, म्हणून एकाच आकड्यावर दुसऱ्या प्रकारच्या मशीनवरील काम अधिक घट्ट लागते. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेलेला खेळाडू तोच आकडा सांगतो आणि रॅकेट फळीसारखी लागते म्हणून परत येतो, तेव्हा दोघांपैकी कोणीही फसवलेले नसते. आकडा हा त्या मशीनच्या आणि त्या हाताच्या संदर्भातच अर्थपूर्ण असतो, आणि म्हणून एकाच कारागिराकडून सातत्याने काम करून घेणे हे बऱ्याच महागड्या तारांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

ताण वाढवला तर काय होते आणि घटवला तर काय होते, याविषयी क्लबमध्ये जी मते ऐकू येतात ती अर्धी बरोबर असतात. ढिली तार अधिक खोल दबते, चेंडूला चपटे होण्याची गरज कमी पडते, आणि चेंडूच्या रबरात जितकी ऊर्जा वाया जाते त्याच्या तुलनेत तारेत फारच थोडी वाया जात असल्याने ढिल्या तारेतून चेंडू किंचित अधिक वेगाने परततो. घट्ट तारेत याच्या उलट घडते. एवढ्यावरून ताकद हवी तर ढिले आणि नियंत्रण हवे तर घट्ट असा सरळ नियम सांगितला जातो. मात्र पाच पाउंडांच्या बदलाने चेंडूच्या वेगात पडणारा फरक इतका लहान असतो की तो क्वचितच जाणवतो. खेळाडूला जो जाणवतो तो चेंडूच्या निघण्याच्या कोनातला आणि त्यामुळे तो कुठे पडतो यातला फरक. ढिल्या तारेवर चेंडू थोडा अधिक काळ राहतो, किंचित उंच निघतो आणि बेसलाइनच्या पलीकडे पडतो, आणि मग खेळाडू म्हणतो की बॉल उडतो. या तक्रारीवर लगेच ताण वाढवून देणारा कारागीर ग्राहकाला खूश करतो. परंतु ज्याचा फटका आखूड आहे, ज्याचा चेंडू एरवी सर्व्हिस बॉक्सच्या रेषेवरच पडतो, त्याला ढिल्या तारेने मिळणारी लांबी हीच हवी असते, हे त्याला पटवून देणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे. दोन्ही टोकांना यशस्वी खेळाडू सापडतात. ब्यॉन बोर्ग लाकडी रॅकेटला 80 पाउंडांच्या आसपास ताण देत असे, आणि त्याच्या खोलीत रात्री तारा आपोआप तुटत असल्याचे वर्णन प्रसिद्ध आहे. आद्रियन मानारिनो हा फ्रेंच खेळाडू त्याच्या निम्म्याहूनही कमी ताणावर, 30 पाउंडांच्या आत, व्यावसायिक स्पर्धा खेळला. या दोन आकड्यांमधल्या विस्तीर्ण पट्ट्यात योग्य ताण म्हणून एकच एक संख्या असूच शकत नाही, आणि फ्रेमवर छापलेली मर्यादा, उदाहरणार्थ 50 ते 60 पाउंड, ही सुरुवात करण्याची जागा तेवढी दाखवते.

तारेचे द्रव्य हा ताणाहूनही मोठा निर्णय असतो, कारण प्रत्येक द्रव्याची लवचिकता वेगळी असते आणि त्यामुळे एकाच ताणावर दोन तारा पूर्णपणे निराळ्या वागतात. सर्वांत जुनी तार नैसर्गिक, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून केलेली. फ्रान्समधील लियों शहरात बाबोला कुटुंबाने 1875 मध्ये टेनिससाठी अशी तार बनवली तेव्हा मेंढीचे आतडे वापरले जात होते, पुढे त्याची जागा गाईच्या आतड्याने घेतली. इतकी लवचिक, ताण इतका टिकवणारी आणि हाताला इतकी सौम्य तार आजही दुसरी नाही, असे निःशंकपणे म्हणता येते. तरीही आपल्याकडे ती देताना एक गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती म्हणजे ती कशाची केलेली आहे. शाकाहारी कुटुंबातील एका ज्येष्ठ खेळाडूला कोपराच्या दुखण्यासाठी ही तार सुचवली गेली, तिचा उगम ऐकल्यावर त्यांनी शांतपणे नकार दिला, आणि त्यांच्यासाठी मल्टिफिलामेंट, म्हणजे नायलॉनचे शेकडो बारीक तंतू पिळून एकत्र बांधलेली तार, कमी ताणावर बसवली गेली. तिने त्यांचे काम चांगले भागवले. ग्राहकाच्या श्रद्धेचा प्रश्न जेथे येऊ शकतो तेथे माहिती दडवून केलेला सौदा कोणत्याही गुणवत्तेने समर्थनीय ठरत नाही. साधी नायलॉन तार, जिला बाजारात सिंथेटिक गट म्हणतात, तिच्या मध्यभागी एक जाड तंतू आणि त्याभोवती बारीक तंतूंचे वेष्टन असते; ती स्वस्त असते, सर्व बाबतींत मध्यम असते, आणि शिकाऊ खेळाडूसाठी तिच्याइतकी समंजस निवड दुसरी नाही, मात्र दुकानदाराला तिच्यातून फारसे काही सुटत नसल्याने तिची शिफारस कमी होते.

पॉलिएस्टर तारेने गेल्या तीन दशकांत खेळच बदलला. 1997 मध्ये ब्राझीलचा गुस्तावो क्वेर्तेन हा मानांकन नसलेला खेळाडू फ्रेंच ओपन जिंकला तेव्हा त्याच्या रॅकेटमध्ये लक्सिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टर तार होती, आणि त्यानंतर काही वर्षांतच व्यावसायिक खेळाडूंमध्ये ती सर्वत्र पसरली. तिचे रहस्य तिच्या गुळगुळीतपणात आणि कडकपणात आहे: फटका मारताना उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटण्यापूर्वी झटकन जागेवर परततात, या परतीच्या झटक्याने चेंडूला जास्तीची फिरकी मिळते. तारा सरकण्याचे हे सामर्थ्य त्याआधीही एकदा दिसले होते. 1977 मध्ये वेर्नर फिशर या जर्मन माणसाने केलेल्या, उभ्या तारांचे दोन थर असलेल्या आणि तारा एकमेकींत न विणलेल्या रॅकेटने इली नास्तासेने गिलेर्मो विलासची दीर्घ विजयमालिका खंडित केली. विलास सामना अर्धवट सोडून गेला, त्या रॅकेटवर बंदी आली आणि 1978 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नियमांत प्रथमच रॅकेटची व्याख्या केली, जिच्यानुसार तारा एकसारख्या नमुन्यात आणि एकमेकींत विणलेल्या असाव्या लागतात. पॉलिएस्टरने त्या व्याख्येच्या चौकटीत राहूनच सरकण्याचा गुण पुन्हा मिळवला.

परंतु हीच तार आपल्या मैदानांवर सर्वाधिक नुकसान करते, असे मत दीर्घ अनुभवाने बनले आहे. ती कडक असते, तिचा ताण भरभर उतरतो, आणि तो उतरल्यावर ती मऊ होत नाही तर निर्जीव होते. जोरकस खेळाच्या दहा-पंधरा तासांनंतर ती न तुटताही कापून टाकावी लागते. व्यावसायिक खेळाडूला यात अडचण नसते, कारण तो प्रत्येक सामन्यासाठी ताज्या गटिंगच्या रॅकेटा घेऊन उतरतो. पुण्यात बालेवाडीच्या संकुलात 2018 पासून काही वर्षे एटीपी स्पर्धा होत असे, तेव्हा प्रेक्षक म्हणून गेलेली मुले आणि पालक परतल्यावर त्याच तारा, त्याच ताणावर मागत. अशाच एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी संपूर्ण पॉलिएस्टर तार 56 पाउंडांवर बसवून घेतली, आणि ती तुटत नाही म्हणून महिनोन्महिने तीच राहू दिली, कारण न तुटणे म्हणजे बचत, असा त्यांचा हिशोब होता. मुलीचा फटका नेटका होता, पण तार वाकवण्याइतका वेग त्या हातात अजून आलेला नव्हता; सरकणारी तार तिच्या रॅकेटमध्ये सरकतच नव्हती, म्हणजे पॉलिएस्टरचा लाभ शून्य आणि धक्का पूर्ण, अशी स्थिती होती. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले, खेळ थांबला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आणि ती परतली तेव्हा तिच्या रॅकेटमध्ये मल्टिफिलामेंट तार 50 पाउंडांवर होती. त्या दुखण्याचे संपूर्ण कारण तार होती असा दावा करता येणार नाही, सराव किती होता आणि फटका कसा होता हेही त्यात येतेच; पण या प्रसंगानंतर वाढत्या वयाच्या मुलांना, ती स्वतः तार तोडू लागेपर्यंत, पॉलिएस्टर न देण्याचा नियम त्या मशीनपाशी कायमचा झाला, आणि त्यासाठी काही ग्राहक दुसरीकडे गेले तरी तो बदलला गेला नाही. मूल आधी तार तोडू लागते, मग त्याला टिकाऊ तारेची गरज असते. हा क्रम उलटवण्यात कोणाचेच हित नाही.

ज्यांना फिरकीही हवी आणि हातही जपायचा, त्यांच्यासाठी संकरित गटिंग, म्हणजे उभ्या तारा एका द्रव्याच्या आणि आडव्या दुसऱ्याच्या, हा मार्ग उरतो. रॉजर फेडरर उभ्या तारा नैसर्गिक आणि आडव्या पॉलिएस्टरच्या वापरत असे, राफाएल नदाल संपूर्ण पॉलिएस्टर 55 पाउंडांच्या सुमारास. रॅकेटचा स्पर्श मुख्यतः उभ्या तारा ठरवतात, त्यामुळे हौशी खेळाडूला मऊ तार उभी आणि पॉलिएस्टर आडवी, तीही दोन पाउंडांनी ढिली, हे संयोजन बहुधा मानवते. नायलॉनवरून पॉलिएस्टरवर जाताना ताण सुमारे दहा टक्क्यांनी उतरवावा. मोठ्या डोक्याच्या फ्रेमला किंचित जास्त ताण लागतो. आणि जाडीच्या बाबतीत 1.25 मिलिमीटरची तार 1.30च्या तारेपेक्षा स्पर्शाला सरस पण लवकर झिजणारी असते. याहून अधिक नियम सांगण्यात फारसे हशील नाही.

हवामानाचा विचार मात्र आपल्याकडे जितका व्हायला हवा तितका होत नाही. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत दिवसभर पडलेल्या रॅकेटची तार उष्णतेने सैलावते आणि संध्याकाळी खेळाडूला चेंडू हाताबाहेर गेल्यासारखा वाटतो. मुंबईत आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर जूननंतरची दमट हवा नैसर्गिक तारेचे तंतू फुगवून उसवते, म्हणून पावसाळ्यात ती तार बसवू नये, आणि ज्याने बसवलीच असेल त्याने ओल्या कोर्टावर ती काढू नये. मातीच्या कोर्टावर, विशेषतः उन्हाळ्यात, बारीक कण तारांच्या छेदस्थानी अडकून त्यांना घासतात, त्यामुळे तोच खेळाडू सिमेंटच्या कोर्टापेक्षा मातीवर लवकर तार तोडतो, आणि त्याला आपल्या तारेचा दर्जा घसरल्याचा भास होतो.

बदल करायचा तर एका वेळी एकच आणि दोनच पाउंडांचा करावा, आणि तार, ताण व तारीख फ्रेमच्या गळ्याशी चिकटवलेल्या छोट्या कागदावर लिहून ठेवावी, ही पद्धत सर्वांत फलदायी ठरलेली आहे. तार आणि ताण दोन्ही एकदम बदलले तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही. साठी ओलांडलेला, तरुणपणी लाकडी रॅकेटवर खेळ शिकलेला एक खेळाडू 62 पाउंडांचा आग्रह धरत असे, कारण त्याच्या पिढीत घट्ट तार हे चांगल्या खेळाचे लक्षण मानले जाई. खांदा कुरकुरू लागल्यावर त्याने प्रत्येक गटिंगला दोन पाउंड कमी करण्याचे मान्य केले, आणि दर वेळी पंधरवडा खेळून मगच पुढचा आकडा सांगितला. 54 वर त्याच्या व्हॉलीची लांबी वाढली, 50 वर खांद्याची तक्रार बंद झाली, 48 वर सर्व्हिस पुन्हा खोल पडू लागली. 46 वर त्याचा बॅकहँड स्लाइस, जो त्याच्या खेळाचा कणा होता, बेसलाइन ओलांडू लागला, तेव्हा त्याने 48 पाउंड आणि मल्टिफिलामेंट तार एवढे कागदावर लिहून घेतले, आणि त्यानंतर तो आकडा बदलण्याचे त्याला कारण पडले नाही.